इशारा दिल्लीत अडत नाही

देशात कुठे मोठा सायबर हल्ला झाला की दोन-तीन दिवसांत एक निदान ठरल्यासारखे पुढे येते. यंत्रणा फार झाल्या, प्रत्येकीचे दप्तर वेगळे, कोणी कोणाला काही सांगत नाही. तेव्हा सगळ्यांची एक मोट बांधा, एकच सर्वाधिकारी संस्था उभारा, म्हणजे गुप्तवार्तेचा समन्वय साधेल. निवृत्त अधिकारी वाहिन्यांवर हेच सांगतात, अग्रलेखांत हेच येते, चर्चासत्रांचे ठराव याच वळणाने जातात. हे मत इतके रुळले आहे की त्याला पुरावा मागण्याची गरज कोणाला वाटत नाही. मला ते चुकीचे वाटते आणि घातकही वाटते. त्याप्रमाणे वागलो तर आज जेवढी माहिती फिरते तेवढीही फिरायची नाही.

पूर्वपक्ष मात्र पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. सायबर संकटात मदतीला धावून जाणारी सर्ट-इन ही संस्था २००४ पासून माहिती तंत्रज्ञान खात्याकडे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७०ब हा तिचा आधार. वीज, बँका, दूरसंचार, वाहतूक अशा ज्या व्यवस्था कोलमडल्या तर देश ठप्प होईल, त्यांच्या रक्षणासाठी २०१४ मध्ये एनसीआयआयपीसी हे वेगळे केंद्र झाले. ते एनटीआरओ या तांत्रिक गुप्तवार्ता संस्थेच्या अखत्यारीत. सायबर गुन्ह्यांसाठी गृह मंत्रालयाचे आयफोरसी, लष्करासाठी संरक्षण सायबर संस्था, आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयात एक राष्ट्रीय समन्वयक. शिवाय रिझर्व्ह बँकेचे स्वतःचे नियम, वीजक्षेत्रात औष्णिक, जलविद्युत, पारेषण, ग्रिड अशी निरनिराळी पथके, आणि राज्यांच्या पोलिसांचे सायबर विभाग. हल्ला झालेल्या संस्थेच्या प्रमुखाला पहिला फोन कोणाला लावायचा हेच उमगत नसेल तर तो दोष खरा आहे. तो मी नाकारत नाही.

या पक्षाचा आवडता दाखला मुंबईचा आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगराची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, कोविडच्या दिवसांत रुग्णालये जनरेटरवर आली. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस ‘रेकॉर्डेड फ्युचर’ या अमेरिकी खासगी कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंध असलेल्या ‘रेडएको’ या गटाने भारतातल्या वीजभार प्रेषण केंद्रांना लक्ष्य केले होते, असे त्यात म्हटले होते. मुंबईतल्या अंधाराशी त्याचा संबंध सिद्ध झाल्याचे मात्र कंपनीने म्हटले नव्हते. लगोलग राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक हे कारण दिले. एकाच घटनेवर दोन सरकारे दोन तोंडांनी बोलतात, यापेक्षा समन्वयाच्या अभावाचा वेगळा पुरावा कशाला हवा, असा प्रश्न विचारला जातो.

आता ऊर्जा मंत्रालयाने १ मार्च २०२१ रोजी काढलेल्या निवेदनातल्या तारखा बघा. ‘शॅडोपॅड’ या मालवेअरबद्दल सर्ट-इनने ग्रिड चालवणाऱ्या ‘पोसोको’ला १९ नोव्हेंबर २०२० रोजी ई-मेलने कळवले होते. त्यानंतर १२ फेब्रुवारी २०२१ रोजी एनसीआयआयपीसीनेही रेडएकोचे नाव घेऊन इशारा दिला होता. दिलेले पत्ते फायरवॉलवर अडवले, नियंत्रण केंद्रांतली यंत्रे तपासून साफ केली, असे मंत्रालय सांगते. म्हणजे परदेशी कंपनीचा अहवाल छापून येण्याआधी दोन वेगवेगळ्या संस्थांनी, दोन वेगवेगळ्या वाटांनी, योग्य जागी इशारा पोचवला होता. संस्थांच्या ज्या बहुलतेला दोष दिला जातो तिनेच इथे एकाच शत्रूकडे दोनदा लक्ष वेधले. हे शक्य झाले त्याचे कारणही उघड आहे: पोसोकोत इशारा वाचणारा, समजणारा आणि त्याच दिवशी यंत्राला हात लावू शकणारा माणूस होता.

दोन मंत्र्यांच्या दोन विधानांचे काय? एकच केंद्रीय संस्था असती तर एकच निवेदन आले असते, हे खरे. त्याने मुंबईकरांना खरे कारण कळले असते असे कसे म्हणता येईल? तज्ज्ञ यंत्रणांमध्ये मतभेद आहे, एवढेही त्यांना कळले नसते. लोकशाहीत दुसरे मत दाबून मिळवलेल्या एकवाक्यतेला मी समन्वय म्हणणार नाही.

कुडनकुलमचे प्रकरणही असेच उलट्या बाजूने वाचले जाते. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी अणुवीज प्रकल्पाने पत्रक काढून सायबर हल्ल्याच्या बातम्या खोट्या ठरवल्या. दुसऱ्याच दिवशी प्रकल्पाची मालक असलेल्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने मान्य केले की, प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकात मालवेअर सापडले होते आणि सर्ट-इनने ते ४ सप्टेंबरलाच कळवले होते. महामंडळाच्या म्हणण्याप्रमाणे अणुऊर्जा विभागाच्या तज्ज्ञांनी तत्काळ तपासही केला. माहिती संस्थेकडून संस्थेकडे गेलीच होती. ती गेली नाही ती जनतेकडे, आणि बहुधा त्याच महामंडळाच्या आपल्या माणसांकडेही, नाहीतर आदल्या दिवशीचे पत्रक निघाले नसते. हा दोष संस्थांचे विलीनीकरण करून कसा जाईल?

एकछत्री व्यवस्थेचा आदर्श म्हणून ब्रिटनचे नाव घेतले जाते. तिथे ऑक्टोबर २०१६ मध्ये विखुरलेली पथके एकत्र करून राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्र स्थापन झाले, जीसीएचक्यू या गुप्तवार्ता संस्थेचा भाग म्हणून. त्यानंतर सात महिन्यांत, १२ मे २०१७ रोजी, ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर मालवेअरने इंग्लंडची एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा झोडपली. ती चालवणाऱ्या २३६ ट्रस्टपैकी ८१ बाधित झाले, हजारो रुग्णांच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०१७ च्या अहवालात जे लिहिले ते आपल्याकडच्या प्रत्येक सायबर धोरणकर्त्याने वाचावे. मायक्रोसॉफ्टने भगदाड बुजवणारा पॅच मार्चमध्येच दिला होता. आरोग्यसेवेचे संगणकीय काम पाहणाऱ्या एनएचएस डिजिटलने मार्च आणि एप्रिलमध्ये तातडीचे इशारेही पाठवले होते. आरोग्य खात्याकडे मात्र, त्या इशाऱ्यांवर कोणत्या रुग्णालयाने काय केले हे तपासण्याची कोणतीही औपचारिक पद्धत नव्हती. गुप्तवार्ता होती, छत्र होते, सूचना होती. पोच नव्हती. त्या केंद्राने पुढच्या वर्षांत नाव कमावले ते उघडपणे बोलून, साध्या इंग्रजीत मार्गदर्शन छापून आणि संस्थांना थेट सावध करून. एकत्रीकरणाच्या आदेशाने हे आपसूक घडले नव्हते.

वॉनाक्रायची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. त्याने ज्या भगदाडातून प्रवेश केला ते अमेरिकेच्या एनएसए या गुप्तवार्ता संस्थेला आधीपासून ठाऊक होते. हेरगिरीसाठी उपयोगी म्हणून त्या संस्थेने ते वर्षानुवर्षे आपल्याजवळ ठेवले. तिचे हत्यार चोरीला गेले, एप्रिल २०१७ मध्ये ते इंटरनेटवर उघडे पडले आणि महिन्याभरात जगभरची रुग्णालये त्याचे भक्ष्य झाली. दुसऱ्याच्या घरात शिरायला जी फट हवी असते तीच आपल्या घरातही असते. ती बुजवायची की राखायची, हा निर्णय हेराच्या हाती दिला तर तो राखण्याकडेच झुकेल. यात हेराचा दोष नाही, ते त्याचे काम आहे. म्हणूनच रक्षण करणारी संस्था आणि टेहळणी करणारी संस्था एका छताखाली नेऊ नयेत. आपल्याकडे पायाभूत सेवांचे रक्षण करणारे केंद्र आधीच टेहळणी करणाऱ्या संस्थेखाली आहे, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इनलाही माहिती अधिकार कायद्यातून वगळण्यात आले. एकछत्राचे समर्थक ज्या दिशेने जायला सांगतात त्या दिशेला आपण चालू लागलोच आहोत.

आता इशारा खरोखर कुठे अडतो ते पाहू. त्यासाठी पुण्याबाहेर जावे लागत नाही. शुक्रवार, १० ऑगस्ट २०१८ रोजी अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गोपनीय इशारा पाठवला होता की, लवकरच बनावट कार्डांच्या साहाय्याने जगभरातल्या एटीएममधून एकाच वेळी पैसे काढण्याचा मोठा कट तडीस नेला जाणार आहे. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या ग्राहकांची बनावट कार्डे २८ देशांत चालली. सोमवारी ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश यंत्रणेमार्गे आणखी जवळपास १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण लूट ९४ कोटींच्या वर. चोरट्यांनी बँकेच्या खऱ्या एटीएम स्विचच्या आड स्वतःचा खोटा स्विच उभा केला होता. कार्ड घातले की तो परस्पर ‘मंजूर’ म्हणत असे. खात्यात पैसे आहेत की नाहीत हा प्रश्न खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कोअर बँकिंगपर्यंत पोचतच नसे.

दिल्लीत पाचऐवजी एक संस्था असती तर यातले काय बदलले असते? एफबीआयचा इशारा अचूक होता, पण त्यात कोणत्या बँकेचे नाव नव्हते. तो हातात पडलेल्या माणसाने शनिवारी दुपारी काय करायचे होते? स्विचने मंजूर केलेले व्यवहार आणि कोअर बँकिंगमधल्या नोंदी दर थोड्या वेळाने ताडून पाहायच्या होत्या. ही एक तपासणी चालू असती तर हजारो व्यवहारांचा फरक तिथल्या तिथे दिसला असता. ही गुप्तवार्ता कोणत्याही मंत्रालयाकडे नव्हती. ती बँकेच्या दोन सर्व्हरमधल्या तफावतीत पडून होती. रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट जून २०१६ मध्ये आणली होती. नागरी सहकारी बँकांसाठीची पायाभूत चौकट आली ती १९ ऑक्टोबर २०१८ ला, पुण्यातल्या दरोड्यानंतर.

सर्ट-इनची एखादी सूचना समोर ठेवून बघा. वर अनुक्रमांक, त्याखाली ‘तीव्रता: उच्च’, मग बाधित सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांची यादी, भगदाडांचे सीव्हीई क्रमांक, आणि शेवटी ‘उत्पादकाने दिलेले पॅच बसवावेत’. मालवेअरबद्दलची असेल तर चौसष्ट-चौसष्ट अक्षरांच्या फाइलखुणांचे रकाने. जाणकाराला हा कागद मोलाचा आहे. तो जिल्ह्याच्या गावातल्या लहान नागरी बँकेत पोचतो तेव्हा काय होते? तिथे संगणक विभागात दोन माणसे. कोअर बँकिंग एका कंपनीचे, सर्व्हर दुसरीच्या डेटा सेंटरमध्ये, एटीएम स्विच तिसरीकडून भाड्याने. इशारा बँकेच्या नावाने येतो आणि पॅच बसवायचा अधिकार कंत्राटदाराकडे असतो. त्याला फोन केला तर पॅचने चालू सॉफ्टवेअर बंद पडले तर जबाबदारी कोणाची, हा वाद सुरू होतो. कागदावर ‘टीएलपी अंबर’चा शिक्का असला, म्हणजे माहिती संस्था आणि तिचे ग्राहक यांच्यापुरती, तीही गरजेपुरतीच वाटायची असली, तर तो कंत्राटदाराला दाखवायचा की नाही इथेच बिचारा अधिकारी अडतो. नगरपरिषदेत याहून बिकट, कारण तिथे हा ई-मेल उघडणाऱ्या लिपिकाकडे जन्ममृत्यूचे दाखले आणि घरपट्टीही असते. इशारा अडतो तो इथे. दिल्लीतल्या संस्थांच्या पाट्या बदलून या टेबलावर काहीही बदलत नाही.

उलट दिशेची वाट तर याहून अरुंद आहे, आणि सायबर गुप्तवार्तेत तीच खरी महत्त्वाची. सीमेपलीकडची हालचाल हेर टिपतो. सायबर हल्ल्याची पहिली खूण मात्र जवळजवळ नेहमी हल्ला झालेल्याच्याच यंत्रात उमटते, आणि ती यंत्रे बहुतेक खासगी आहेत. अमेरिकेने २०१५ मध्ये सायबर धोक्यांची गुप्तवार्ता एकत्र करणारे खास केंद्र राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांच्या हाताखाली स्थापन केले. पाच वर्षांनी ‘सोलरविंड्स’ या कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून घुसलेले हेर सरकारी खात्यांमध्ये महिनोन् महिने फिरत होते, ते पकडले फायरआय या खासगी कंपनीने. एका कर्मचाऱ्याच्या नावे दुसरा फोन नोंदवला गेल्याचे तिच्या सुरक्षा पथकाला खटकले, त्यांनी त्याला विचारले, तो म्हणाला माझा नव्हे, आणि तिथून धागा उलगडत गेला. कंपनीने ते आपणहून जगाला सांगितले. सांगितले नसते तर?

आपल्याकडे सांगणाऱ्याची अवस्था काय आहे? २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवणे आणि यंत्रांचे लॉग १८० दिवस सांभाळणे बंधनकारक आहे. मागितलेली माहिती न देणाऱ्याला कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. सक्तीला माझा विरोध नाही. पण कळवणाऱ्याच्या मनात काय चालते? नियामक दंड ठोठावेल, पोलीस सर्व्हर उचलून नेतील, बातमी फुटली तर ठेवीदार रांग लावतील. अशा वेळी मदत करणारा, तपास करणारा आणि शिक्षा करणारा एकच असेल, तर माणूस शक्य तितके कमी, शक्य तितक्या उशिरा आणि वकिलाला विचारून सांगेल. डॉक्टरनेच फौजदाराची टोपी घातली तर रोगी दुखणे लपवतो. एकछत्री संस्थेविरुद्ध माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे: तिच्याकडे अधिकार सगळे असतील, आणि माहिती आटत जाईल.

खंडन झाले, आता मंडन. संस्था वेगळ्या ठेवून समन्वय करता येतो याचा नमुना आपल्याच देशात आहे. ऑनलाइन फसवणूक झालेला माणूस १९३० या मदत क्रमांकावर फोन करतो, तेव्हा त्याची तक्रार पोलीस, त्याची बँक आणि पैसे जिथे वळवले त्या पुढच्या बँका अशा सगळ्यांना एकाच क्रमांकाखाली दिसते, आणि पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येतात. या व्यवस्थेत त्रुटी आहेत, उशीर झाल्याने रक्कम हातची गेलेल्यांची संख्या मोठी आहे. तरी तिचे तत्त्व बरोबर आहे. पोलीस पोलीसच राहिले, बँक बँकच राहिली. सर्वांचे डोळे मात्र एकाच नोंदीवर आणि घड्याळावर आले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कामकाजवाटपाचे नियम बदलून सायबर सुरक्षेचा एकंदर समन्वय राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयाकडे सोपवला आणि गुन्हे, दूरसंचार, माहिती तंत्रज्ञान ही कामे ज्या त्या खात्यांकडेच ठेवली. ही मांडणी मला योग्य वाटते. समन्वयकाने समन्वयच करावा, बाकीच्यांना गिळू नये.

त्या समन्वयकाने आता करायचे काम पोचेचे आहे. प्रत्येक गंभीर इशाऱ्यासोबत उत्तराची मुदत जावी: वाचला का, तुमच्याकडे ते सॉफ्टवेअर आहे का, पॅच बसला का, नसेल तर का नाही. इशारा बँकेबरोबर तिच्या कंत्राटदारालाही थेट जावा आणि करारात त्याची जबाबदारी लिहिलेली असावी. नगरपरिषदा आणि लहान बँकांसाठी तो त्यांच्या भाषेत, काय बंद करायचे आणि काय तपासायचे एवढ्यापुरता, वेगळा लिहिला जावा. प्रामाणिकपणे व वेळेत कळवणाऱ्या संस्थेने जे सांगितले ते तिच्याविरुद्धच्या दंडाच्या कारवाईत वापरले जाणार नाही, असे संरक्षण कायद्यात हवे. आणि मोठ्या घटनेनंतर लोकांसमोर अहवाल आला पाहिजे. विमान पडले की तीस दिवसांत प्राथमिक अहवाल देण्याचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, रुग्णांची नोंद कितीतरी दिवस हाताने चालली. नेटवर्कची नीट विभागणी नव्हती, हे कारण देशाला संसदेतल्या एका उत्तरातून कळले. देशातल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने ज्यावरून धडा घ्यायचा ते असे एका ओळीत उरकणे योग्य नाही.

उघड अहवालाने शत्रू शहाणा होईल, असा आक्षेप येईल. शत्रूला त्याने स्वतः काय केले ते ठाऊक असतेच. ठाऊक नसते ते पुढच्या सावजाला. रेडएकोची कार्यपद्धती तर एका परदेशी कंपनीनेच जगजाहीर केली. स्रोत, पद्धती आणि अजून न बुजवलेली भगदाडे झाकावीत. घटनाक्रम आणि चूक झाकण्याचे कारण नाही. युद्धाच्या वेळी एकच आज्ञा लागते, हा दुसरा आक्षेप. प्रतिहल्ल्यासाठी ती लागेलच, आणि ते काम लष्कराच्या सायबर संस्थेचे आहे. सांगलीच्या बँकेतला पॅच मात्र लष्करी आज्ञेने बसत नाही.

वाचकांपैकी अनेकजण कुठल्या ना कुठल्या नागरी सहकारी बँकेचे किंवा पतसंस्थेचे सभासद असतील. यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाचा विषय संपला की उठून एवढे विचारा: गेल्या वर्षभरात सर्ट-इन आणि रिझर्व्ह बँकेकडून किती सायबर इशारे आले, ते कोणी वाचले, आणि प्रत्येकावर किती दिवसांत काय केले? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.